मदत हवी आहे : मासिकातला मशीन कोडचा खेळ पाचव्या ओळीला अडकतो

अधीर_वाचक
जुन्या मासिकात छापलेला मशीन कोडचा (प्रोसेसर थेट चालवतो अशा आकड्यांचा) एक खेळ मी टंकला आहे. पहिल्या ओळीत रेम (यंत्र न चालवता सोडून देते असा शेरा) आणि त्यापुढे ठिपक्यांची लांबलचक रांग आहे. त्यानंतरचा छोटा बेसिक प्रोग्राम डेटामधील आठ-आठ आकडे वाचतो, ओळीचा ताळा (आकड्यांची बेरीज) पडताळतो, आकडे मेमरीतल्या २३७६० या पत्त्यापासून पुढे पोक करतो, म्हणजे लिहितो, आणि ओळीचा क्रमांक पडद्यावर दाखवतो. पहिले चार क्रमांक व्यवस्थित उमटतात, परंतु पाचवा उमटण्याच्या वेळी पडदा विस्कटतो आणि यंत्र बंद करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आकडे मी छापील पानाशी ताडून पाहिले आहेत, तेव्हा ‘पुन्हा तपासा’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये. लवकर उत्तर मिळावे, ही विनंती.

पासष्ट_दहा
यंत्र कोणते, हेच आपण लिहिलेले नाही. कमोडोर ६४ धरून सांगतो की रेममध्ये कोड कोंबण्याची काहीच गरज नाही. ४९१५२ ते ५३२४७ हा चार किलोबाइटांचा पट्टा बेसिकच्या वापरात नसतो. तेथे पोक करावे आणि कोड चालवण्यासाठी एसवायएस ४९१५२ अशी आज्ञा द्यावी. ‘कॉम्प्युट!’ मासिकाने १९८३ मध्ये एमएलएक्स हा प्रोग्राम दिला होता, त्यात ओळ टंकताक्षणीच ताळा तपासला जाई. माझ्या मते टंकण्याची खरी सोय तीच होती.

अधीर_वाचक
यंत्र अर्थातच सिंक्लेअरचे झेडएक्स स्पेक्ट्रम आहे, ४८ के म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचे. २३७६० हा पत्ता दिल्यावर ते वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

ताळेबंद
ताळा जुळला म्हणजे आकडे बरोबर आहेत, असे मुळीच नाही. साध्या बेरजेला क्रम कळत नाही. २०५ आणि ६२ यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. आपण डोळ्यांनी न वाचता कोणाकडून तरी आकडे मोठ्याने वाचून घ्यावेत.

फीत_संग्राहक
एवढा खटाटोप कशासाठी? अशा बहुतेक खेळांच्या टेप फाइल तयार मिळतात. इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडावी आणि खेळावे.

ताळेबंद
त्यांना खेळ टंकायचा आहे, उतरवून घ्यायचा नाही. प्रश्न वाचून उत्तर द्यावे.

झेड_ऐंशी
ताळेबंद, आपला मुद्दा खरा असला तरी येथे लागू पडत नाही. आकड्यांची अदलाबदल झाली असती तर भरणी शेवटपर्यंत पार पडली असती आणि घोटाळा कोड चालवणारी रँडमाइझ यूएसआर ही आज्ञा दिल्यावर झाला असता. येथे भरणीच मध्ये तुटते, आणि तीही नेमकी ३२ आकडे बसल्यानंतरच्या ओळीत. अधीर_वाचक, यंत्राच्या मागे काही जोडले आहे का? खेळ भरण्याआधी पुढील आज्ञा देऊन येणारा आकडा, म्हणजे बेसिक प्रोग्राम जेथून सुरू होतो तो पत्ता, कळवावा : प्रिंट पीक २३६३५ + २५६ * पीक २३६३६.

अधीर_वाचक
२३८१३. मागे इंटरफेस १ (मायक्रोड्राइव्ह हे छोट्या फितीचे साठवण-यंत्र जोडण्याचे उपकरण) आहे, परंतु मायक्रोड्राइव्हचा या खेळाशी काय संबंध?

झेड_ऐंशी
संबंध तोच आहे. एरवी बेसिक प्रोग्राम २३७५५ पासून सुरू होतो, म्हणून रेममधला पहिला ठिपका २३७६० वर येतो. इंटरफेस १ ची रॉम कामाला लागली की ती स्वतःसाठी ५८ बाइट मध्ये घुसवते आणि सगळा प्रोग्राम तेवढा पुढे सरकतो, परंतु मासिकातला लोडर २३७६० लाच आकडे लिहीत राहतो. त्याच्या पहिल्या चार ओळी इंटरफेसच्या चलांवर पडतात, ज्याचा लगेच काही परिणाम दिसत नाही. पाचवी ओळ २३७९२ पासून पडते, आणि आता तेथे चॅनेलांची माहिती आहे, म्हणजे पडद्यावर अक्षर काढणाऱ्या रूटीनचा पत्ता. तो पुसला गेल्यावर पुढची प्रिंट आज्ञा भलतीकडेच उडी घेते.

पासष्ट_दहा
म्हणजे मी सांगितले तेच. क्लिअर ३१९९९ देऊन त्यापुढची मेमरी बेसिकपासून राखून ठेवावी आणि कोड ३२००० ला ठेवावा.

झेड_ऐंशी
तसे करू नये. डेटामध्ये १९५ किंवा २०५ (दिलेल्या पत्त्यावर जाण्याच्या आज्ञा) नंतर एक आकडा सोडून ९२ किंवा ९३ वारंवार दिसत असेल, तर कोडमध्ये त्या जागेचेच ठरीव पत्ते आहेत. स्पेक्ट्रमच्या झेड८० या प्रोसेसरमध्ये पत्त्याचा खालचा बाइट आधी येतो, आणि ९२ गुणिले २५६ अधिक २०८ म्हणजे २३७६०. असा कोड हलवला की कोलमडतो. यंत्र बंद करून इंटरफेस काढावा, खेळ भरावा, चालवण्याआधी कॅसेटवर उतरवून घ्यावा आणि पहिली ओळ संपादित करण्याच्या फंदात पडू नये.

अधीर_वाचक
इंटरफेस काढल्यावर सर्व ओळी भरल्या आणि खेळ सुरू झाला. आभार. आता यान डावीकडे नेण्याची कळ कोणती, हे मासिकात कोठेच छापलेले नाही.

फीत_संग्राहक
टेप फाइलसोबत पुष्कळदा सूचनाही मिळतात, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

झेड_ऐंशी
डेटामध्ये २१९, २५४ ही जोडी शोधावी. तेथे कळफलक वाचला जातो. त्याच्या आधी ६२ आणि २२३ असतील तर पी, ओ, आय, यू, वाय या पाच कळा, २३९ असेल तर शून्य, नऊ, आठ, सात आणि सहा या कळा, आणि १२७ असेल तर स्पेसपासून बीपर्यंतच्या कळा दाबून पाहाव्यात.