लॅपटॉपचा लाइट लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच

निशाचर:
काल रात्रीपर्यंत ठणठणीत होता. आज बटण दाबलं की लाइट लागतो, पंखा जरा घरघरतो आणि गप्प होतो. स्क्रीनवर ना कंपनीचा लोगो, ना कर्सर. चार्जर लावून पाहिला, काढून पाहिला, तेच. परवा द्यायचा रिपोर्ट यातच अडकलाय. मित्र म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घे. मला वाटतंय हार्ड डिस्क गेली. कोणाचं बरोबर?

पकडपाना:
बहुतेक दोघांचंही नाही. नुसती डिस्क मेली असती तर आधी लोगो आला असता आणि मग बूट डिव्हाइस (जिथून विंडोज सुरू होतं ती डिस्क) सापडत नसल्याची तक्रार. तुमच्याकडे लोगोच नाही, म्हणजे भानगड त्याच्या आधीची आहे. रिपोर्ट बहुधा सुखरूप असेल. आणि मागचं झाकणही न उघडता मदरबोर्डला मयत ठरवणारे मित्र सगळ्यांनाच असतात, सोडून द्या.

आधी एवढंच ठरवा : मशीन खरंच चालू होतंय, की चालू होऊन फक्त चित्र दिसत नाहीये? मिनिटभर थांबून कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसटसं काही दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. नाही दिसलं तर एचडीएमआयने टीव्ही जोडा. तिथे चित्र आलं तर पॅनेल (म्हणजे खुद्द स्क्रीन) किंवा बिजागरीतून जाणारी केबल खराब. झाकण हळूहळू मागेपुढे करताना चित्र लुकलुकलं तर केबलच.

कॅप्स लॉक ढिम्म असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि बटण 30 सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जरवर चालू करा.

सहज_सुचलं:
लाइट ठरावीक वेळा लुकलुकतोय का, बीप येतायत का, तेही मोजा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये त्या खुणांचा अर्थ असतो. रॅमची (मशीनच्या तात्पुरत्या मेमरीची) पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा, माझा तसाच जिवंत झाला होता.

पकडपाना:
रॅम काढून बसवा, हे बरोबर. खोडरबर नको, त्याचा चुरा स्लॉटमध्ये (पट्टी बसते त्या खाचेत) जातो आणि सोन्याचा पातळ थरही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. बऱ्याचदा नुसतं काढून घातल्यानेच काम होतं आणि श्रेय खोडरबराला मिळतं.

मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर पुढे हात लावू नका, थेट दुकान गाठा. रॅमच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की पट्टी आपोआप तिरकी उचलली जाते. घालताना तिरकीच, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत, आणि मग खाली दाबा, चिमटे टक् करून बसले पाहिजेत. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, घाईने बटण दाबू नका. (रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर हे सगळं बाद.)

निशाचर:
कॅप्स लॉक मेलेला होता. 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या निघाल्या. एकीवर लोगो आला, विंडोज आलं! दुसरी घातली की परत काळोख. म्हणजे दुसरी पट्टी खराब ना? तशीच नवीन मागवू?

पकडपाना:
थांबा. दुसरी पट्टी घातलीत ती त्याच स्लॉटमध्ये की शेजारच्या? शेजारच्या असेल तर स्लॉटही खराब असू शकतो. चालणारी पट्टी शेजारी लावा : लोगो आला तर पट्टी बदला, नाही आला तर नवीन पट्टीही तिथे चालणार नाही, 8 जीबीवर भागवा किंवा एकच 16 ची घ्या, मशीनला चालते का ते बघून. हे सगळं रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेतल्यावर.

निशाचर:
घेतोय, 60 टक्के झालंय.