आई-बाबांसोबत बघायला मराठी सिनेमा सुचवा

मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबा राहायला येतायत, घरीच बघता येईल असा मराठी सिनेमा सुचवा. 'दशावतार' झाला. ऐंशी ओलांडलेले प्रभावळकर काय ताकदीने उभे राहतात! उत्तरार्ध मात्र मला ताणलेला वाटला (बाबांना अजिबात नाही). सफाई कामगार दहावीला बसतात तो 'आता थांबायचं नाय' दोघांनाही आवडला. 'वाळवी' माझा लाडका, पण शेवट बघून आई म्हणाली, "हे काय भलतंच!"

'आत्मपॅम्फ्लेट' (२०२३) चालेल का? बाबांना कमी ऐकू येतं, त्यात निवेदन सतत आणि भरभर. शिवाय आडून केलेली टिंगल आईला रुचेल की नाही, शंका आहे. रडारड नको, उपदेश तर नकोच. कुणी घरच्या ज्येष्ठांसोबत बघितलाय का?