राणीची बाग: झाडांसाठी जायचं की पेंग्विनसाठी?

भायखळेकर
पाहुणे मुंबईत आले की आपण चौपाटी दाखवतो, गेटवे दाखवतो आणि हिरवळीचा विषय निघाला की थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात धाडतो. माझ्या मते आधी भायखळ्याची राणीची बाग, आणि तीही झाडांसाठी. १८६२ सालची बाग आहे. गोरखचिंचेचा तो अगडबंब बुंधा, खोडालाच फुलं लगडलेला कैलासपती, मूळची ब्रह्मदेशातली उर्वशी. उर्वशीचे लाल घोस लोंबत असतात आणि लोक पेंग्विनच्या काचेपुढे रांग लावून उभे! प्राणिसंग्रहालय तिथून हलवावं, असं माझं स्पष्ट मत.

दोन_पोरांची_आई
हलवा म्हणे! एखाद्या रविवारी दोन पोरं घेऊन या. गोरखचिंचेपुढे पाच मिनिटं टिकली तर मला सांगा. २०१७ मध्ये पेंग्विन बघायला खुले झाले, त्याच वर्षी तिकीट ५ चं ५० झालं, तरी गर्दी हटली नाही. ती काय कैलासपतीमुळे? आईबाप आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांत आत जातात. मुंबईत एवढ्या पैशांत एवढी सावली कुठे मिळते ते दाखवा.

भायखळेकर
सावली झाडांचीच ना? मग झालं तर. रविवारी त्याच झाडांच्या मुळांवर चटया अंथरून वेफर्सची पाकिटं टाकतात, ते तुमचे पेंग्विनवाले.

दोन_पोरांची_आई
कचऱ्याचं खापर पोरांवर नको. डबे वाढवा, दंड करा. आणि पोरं आधी प्राण्यांसाठीच येतात हो, झाडं मग कधीतरी दिसतात.

मिठीकाठचा
दोघंही पिंजऱ्यातच अडकलात. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकर. एकेकाळी तिथे शहराचा कचरा पडायचा. त्यावर माती टाकून झाडं लावली आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. ना पेंग्विन, ना कारंजी. पावसाळा सरता सरता फुलपाखरं बघायला जा.

बोरिवली_फास्ट
लावलेली झाडं ती लावलेलीच. आमच्याकडे शंभर चौरस किलोमीटरच्या वर खरं जंगल आहे, आत कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहार तलाव, वर बिबटे. राणीच्या बागेसाठी आम्ही दादरला गाडी बदलून भायखळ्याला का यावं?

भायखळेकर
येऊ नका! पण आजीला कान्हेरीच्या पायऱ्या कशा चढवणार? ज्येष्ठांना आमच्याकडे तिकीट नाही, वाट सपाट आणि स्टेशन जवळ.

बोरिवली_फास्ट
आजीचा मुद्दा मान्य. बाकी काही नाही.

हँगिंग_गार्डन_फॅन
मलबार हिलची नवी लाकडी वाट कुणी गेलं का? २०२५ मध्ये सुरू झाली. सिंगापूरच्या धर्तीवर, झाडांमधून ४८५ मीटर, तिकीट २५ रुपये. खाली समुद्र दिसतो.

मिठीकाठचा
४८५ मीटर म्हणजे सेल्फी काढेपर्यंत संपली. शिवाय ऑनलाइन वेळ ठरवून जायचं. फिरायला जायचं की डॉक्टरकडे?

हँगिंग_गार्डन_फॅन
वेळ ठरवून सोडतात म्हणूनच तिथे राणीच्या बागेसारखी जत्रा नसते.

दोन_पोरांची_आई
असू दे जत्रा. आम्ही या रविवारी तिथेच आहोत. आणि भायखळेकर, ती उर्वशी नेमकी कुठल्या बाजूला आहे ते लिहा. पोरं पेंग्विनच्या रांगेत असतील तेव्हा बघून येईन.