बरं वाटलं की सगळं उरकते आणि मग दोन दिवस आडवी. पेसिंग, म्हणजे ताकद पुरवून पुरवून कामं करणं, नक्की कसं करतात?

कांदेपोहे_डोंबिवली:
कोविड झाला तेव्हापासून थकवा गेलाच नाहीये, रिपोर्ट सगळे नॉर्मल, बरेच डॉक्टर झाले, शेवटी एकांनी एमई/सीएफएस (जुनाट थकव्याचा आजार) सांगितलं आणि म्हणाले पेसिंग करा, बास. माझं असं होतं की एखाद्या दिवशी जरा तरतरी असली की मी ओटा घासते, चादरी धुते, बाजार करून येते, त्या दिवशी काहीच होत नाही पण मग परवा उठवतच नाही, घसा धरतो, डोकं चालत नाही, उजेडसुद्धा नको वाटतो. आता गौरी-गणपती तोंडावर आलेत. कोणी करतं का हे?

निवांत:
तुझं जे परवा होतं ना त्याला पीईएम (श्रमानंतर त्रास वाढणं) म्हणतात, साधारण 12 ते 48 तासांनी येतं म्हणून कशामुळे झालं ते कळतच नाही. त्यामुळे काय केलं आणि दोन दिवसांनी कसं वाटलं हे वहीत लिहायला लाग. आणि दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं, हेच सगळ्यात अवघड आहे कारण तेव्हा वाटत असतं अजून होईल की! मी ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय, भाजी टीव्हीसमोर बसून निवडते, कणिक आदल्या दिवशी मळून फ्रीजमध्ये, आणि दोन कामांच्या मध्ये डोळे मिटून आडवी. हातात मोबाईल घेऊन पडणं म्हणजे आराम नाही हां, डोक्याचं काम पण मोजायचं, सोसायटीची मीटिंग मला कपडे धुण्यापेक्षा महाग पडते.

पुणेरी_काका:
इतकं कुरवाळत बसू नका. रोज पहाटे चालायला जा, रोज थोडं वाढवा, महिन्यात फरक पडेल. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

मुग्धा७:
काका, राग मानू नका पण या आजारात हाच सल्ला घातक ठरतो. ब्रिटनच्या नाइसने (उपचार कसे करावेत ते सांगणारी तिथली सरकारी संस्था) ऑक्टोबर 2021 च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय की ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा कार्यक्रम या पेशंटना देऊ नका. साध्या थकव्याला चालणं चांगलंच, हे ते नव्हे.
कांदेपोहे, तुला उभं राहिल्यावर धडधडतं का? तसं असेल तर डॉक्टरांना पॉट्सबद्दल (उभं राहिलं की ठोके खूप वाढतात तो त्रास) विचार. आंघोळ स्टुलावर बसून कर, पाणी फार कढत नको. बरेच जण स्मार्ट घड्याळात हृदयाचे ठोके बघतात, सकाळी पडल्या पडल्या जे असतात त्याच्या वर साधारण 15 गेले की बसायचं. अंदाज आहे तो, आणि बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी गोळी) चालू असेल तर त्यावर विसंबू नकोस.

कांदेपोहे_डोंबिवली:
धडधडतं तर! केस धुताना हमखास. विचारते. पण सासूबाईंना कसं सांगू, त्यांना दिसतं की काल तर ही बाजारात गेली होती.

निवांत:
ती वहीच दाखव त्यांना, माझ्या घरी तोंडी सांगून काही उपयोग झाला नव्हता. आणि गौरींचं आत्ताच वाटून टाक, पुरणपोळ्या बाहेरून, सजावट नणंद-जावेकडे, तू हळदीकुंकवाला खुर्ची घेऊन बस आणि नंतरचे दोन-तीन दिवस कुणालाही जेवायला बोलावू नकोस. विसर्जनाला जिन्यावरूनच हात जोड.