मदत हवी आहे: भावाच्या तोंडात पांढरा थर, आता गिळतानाही दुखतंय

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. माझा मोठा भाऊ, वय ४४, सहा वर्षांपासून एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. मी आणि वहिनी सोडून गावात कोणालाच माहीत नाही, म्हणून इथे विचारतो.

दिवाळीपासून त्याच्या तोंडात पांढरा थर धरतोय. आधी जिभेवर होता, आता गालाच्या आतून आणि टाळूवरही. काल टॉर्च लावून पाहिलं, फाटलेल्या दुधासारखे ठिपके. वहिनीने ओल्या फडक्याने पुसलं तर थर निघाला, पण खाली लालभडक आणि थोडं रक्त. लोक म्हणतात तोंड आलं, उष्णता आहे. तुरटीच्या गुळण्या झाल्या, मेडिकलवाल्याच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. मग डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोलचं लावायचं औषध दिलं. आठ दिवसांत थर गेला, पंधरा दिवसांत परत आला.

आता चार दिवसांपासून भाकर खाल्ली जात नाही. "छातीत अटकल्यासारखं होते, गिळलं का जळते," म्हणतो. वरणात कालवलेला भातही अर्धा टाकतो. कापूस वेचणीचे दिवस, आणि हा धुऱ्यावर नुसता बसून राहतो. बघवत नाही.

परवा खोदून विचारलं तेव्हा कळलं, पोळ्यापासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या बंद आहेत. एआरटी केंद्राच्या रांगेत उभा असताना गावातल्या एकाने पाहिलं होतं. त्यानंतर दर महिन्याला एसटीने यवतमाळला जायचा, स्टँडवर दुपारपर्यंत बसायचा आणि "आणल्या गोळ्या" म्हणत घरी यायचा.

थर त्यामुळेच आला का? खर्राही (तंबाखू-सुपारी) खातो, त्याचं काही असेल का? वहिनीने ताट-पेला वेगळा केलाय, तशी गरज आहे का? केंद्रात रागावतील म्हणून तो यायला तयार नाही. कसं समजावू?

प्रतिसाद:

भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातली, १४ वर्षांपासून एआरटीवर आहे. त्यांना उद्याच न्या. असा थर बहुधा बुरशीचा असतो, आणि गिळताना दुखतं म्हणजे ती अन्ननलिकेत उतरली असू शकते. तिथवर लावायचं औषध पोचत नाही, फ्लुकोनॅझोल पोटातून घ्यावं लागतं, बहुधा दोन ते तीन आठवडे. पण मेडिकलमधून परस्पर आणू नका, ते यकृतावर येऊ शकतं आणि काही औषधांशी जमत नाही.

कॅन्डिडा ही बुरशी धडधाकट माणसाच्या तोंडातही असते. सीडी४ पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, कमी झाल्या, विशेषतः २०० च्या खाली गेल्या, की ती उसळते. गोळ्या सुरू होत नाहीत तोवर थर परत परत येत राहील. सीडी४, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) आणि टीबीची तपासणी होईल. घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील तर मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना आधी दाखवा.

खर्रा बंदच करा. त्यानेही पांढरा चट्टा येतो, पण तो पुसून निघत नाही. तसा कुठे दिसला तर वेगळा दाखवा.

ताट-पेला एकत्र ठेवा. जेवणातून ना एचआयव्ही पसरतो, ना ही बुरशी वहिनींना त्रास देईल. मात्र गोळ्या बंद असल्या की रक्तात विषाणू वाढतो, त्यामुळे वहिनींनीही तपासणी करून घ्यावी आणि तोवर निरोध वापरावा.

माझ्याही गोळ्या एकदा दोन महिने सुटल्या होत्या. समुपदेशक ताईंनी फक्त "का सुटल्या?" एवढंच विचारलं. रांगेची लाज वाटत असेल तर तेच सांगा, केंद्र बदलून मिळतं, काही ग्रामीण रुग्णालयांत लिंक केंद्र, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्रही असतं. तुमची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ या हेल्पलाइनवर फुकट विचारता येतं.

धागाकर्ता:

ताई, भावाला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "चाल, जाऊ." सकाळी सहाच्या गाडीने निघतो, वहिनीही येते आहे. रक्त उपाशीपोटी द्यावं लागतं का?

प्रतिसाद:

सीडी४ आणि व्हायरल लोडला नाही लागत. निघताना गार पेज द्या, तिखट नको. एआरटीचं पुस्तक आणि गोळ्यांची रिकामी बाटली पिशवीत ठेवा.