मदत हवी आहे: अरुंद फायरप्लेसमध्ये कोणता लाकडाचा स्टोव्ह बसेल?

नमस्कार मंडळी. लीड्समधलं जुनं टेरेस घर आहे. फायरप्लेसचा कोनाडा ५६० मिमी रुंद, ६०० उंच आणि जेमतेम ३५० खोल. वरचा दगडी लिंटेल (आडवी तुळई) मूळचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

धुरांडं साफ करून घेतलंय, धूर-चाचणीही नीट झाली. १२५ मिमीचा लायनर (धुरांड्याच्या आतली नळी) घालणार. भाग स्मोक कंट्रोलचा (धुरावर निर्बंध असलेला), म्हणजे डेफ्राची, अर्थात ब्रिटनच्या पर्यावरण खात्याची, मान्यता असलेलाच स्टोव्ह हवा. खोली लहान, ४ किलोवॉट पुरे. ५ च्या वर गेलं की भिंतीत कायमची हवेची जाळी लागते, ती नकोच.

अडचण मोकळ्या जागेची. स्टोव्ह आत मावतात, पण कंपनीने सांगितलेली बाजूची आणि वरची जागा उरत नाही. दाटीवाटीने कोंबला तर उष्णता कोनाड्यातच अडकणार. इनसेट (कोनाड्यात पक्का बसवायचा) स्टोव्ह सुचवला गेला, पण मला चारी बाजूंनी ऊब देणारा सुटा स्टोव्हच मनापासून हवाय.

दुसरा मार्ग म्हणजे मागून नळी निघणारा स्टोव्ह थोडा पुढे, हर्थवर (फायरप्लेसपुढच्या न जळणाऱ्या फरशीवर) ओढून बसवणं. मात्र दारापुढे किमान २२५ मिमी हर्थ लागेल, म्हणजे तो वाढवावा लागेल.

एवढ्याच कोनाड्यात कोणी असा स्टोव्ह बसवलाय का? कोणतं मॉडेल, आणि मागच्या टी-जोडातली (नळीच्या टी आकाराच्या सांध्यातली) काजळी काढायला हात पोचतो का?