टांग्रातले चिनी आणि 'इतकी वर्षं राहून भाषा येत नाही' हा आरोप

पद्मजा के.

परवाचा 'कोलकात्यातले तीन दिवस' हा लेख वाचून डोकं तापलं. लेखक टांग्रात, म्हणजे कोलकात्यातल्या चिनी वस्तीत, जेवले, तिथले चिनी हिंदीत बोलताना ऐकले आणि लिहून मोकळे झाले की दोनशे वर्षं राहून ज्यांना बंगाली येत नाही ते 'आपले' झालेच नाहीत. खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली. माझं उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढते आहे.

ह्यांच्या बदलीमुळे मी कोलकात्यात अकरा वर्षं काढली. माझा उजवा पाय डाव्याहून मोठा आहे, तयार बूट बसत नाहीत. बेंटिंक स्ट्रीटवरच्या एका चिनी आजोबांनी जमिनीवर खाकी कागद अंथरून मला त्यावर उभं केलं, पेन्सिलीने दोन्ही पावलांची कड काढली आणि अंगठ्याचं हाड जिथे वर आलंय तिथे फुली मारली. तेवढ्या वेळात ते बायकोशी हक्कामध्ये (दक्षिण चीनमधल्या एका समाजाची भाषा) बोलले, कारागिराशी बिहारी वळणाच्या हिंदीत आणि दारातल्या गिऱ्हाइकाशी बंगालीत. माझ्या मुलीला इंग्रजीत शाळा विचारली ती वेगळीच. त्यांना भाषा येत नाही म्हणायचं?

टांग्रात हिंदी का, हे लेखकाने कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. तिथे हक्का लोकांचे चामडं कमावायचे कारखाने होते आणि कामगार बहुतेक बिहारमधून आलेले. ज्याच्याबरोबर दिवसभर ओली कातडी उचलायची त्याची भाषा आधी येते. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखाने हलवायला सांगितले, मग बरेच जण हॉटेलांत गेले. आणि 'चिनी' म्हणून एकच समाज तिथे नव्हता. कँटनीज सुतारकामात, चीनच्या हुबेई प्रांतातले लोक दंतवैद्यकीत. हक्का आणि कँटनीज एकमेकांना कळत नाही. घरात एक, कामावर दुसरी, शाळेत तिसरी, अशा घरांना आपण भाषेवरून नापास करतोय.

बाणकोट

पद्मजाताई, आजोबांचं छान लिहिलंत. पण एका आजोबांवरून अख्खा समाज ठरत नाही, जसा तीन दिवसांवरूनही ठरत नाही. माझा मुद्दा साधा आहे. ज्या मातीत राहतो तिची भाषा यायलाच हवी. कामगार बिहारी असतील, पण गाव बंगालचं आहे ना? आमच्या इमारतीत बत्तीस बिऱ्हाडं, त्यात मराठी चार. चाळीस वर्षं मुंबईत काढलेले शेजारी मला भर सभेत म्हणतात, 'मराठी में मत बोलिये, सबको समझना चाहिये.' तेही कामाचंच कारण देतात. तुमचा न्याय लावला तर तेही बरोबर ठरतात.

शिशिर_पुणे

बाणकोट, सभेत मग तुम्ही पुढचं कुठल्या भाषेत बोललात?

बाणकोट

हिंदीत. नाइलाज होता. माझ्या बाजूने कोण उभं राहिलं असतं?

शिशिर_पुणे

मग राग शेजाऱ्यावर काढा, कोलकात्यातल्या चांभारकाम करणाऱ्या म्हाताऱ्यावर का? आणि खरं सांगू, आपण रिक्षात बसलो की पहिलं वाक्य हिंदीत टाकतो. मुलांना इंग्रजी शाळेत घालतो. आपणच वापरत नाही ती भाषा समोरच्याने कुठून शिकायची?

बाणकोट

हे पुण्यात बसून बोलणं सोपं आहे. माझी दोन्ही मुलं मराठी शाळेत शिकली. वर्ग रिकामे होताना मी पाहिलेत, पालक सभेला आम्ही सहा जण असायचो. तुम्ही मला भाषाप्रेम शिकवू नका.

शिशिर_पुणे

मुलांच्या शाळेचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. रिक्षाचा मुद्दा मागे घेत नाही.

पद्मजा के.

दोघांना विनंती, मुंबईची भांडणं वेगळ्या धाग्यावर. बाणकोट, तुमचे शेजारी आणि टांग्रातले लोक यांत एक फरक आहे. तुमच्या शेजाऱ्याला मुंबई सोडून जा असं सरकारने कधी सांगितलं नाही. 1962 च्या भारत-चीन युद्धानंतर चिनी वंशाच्या माणसांना, इथे जन्मलेल्यांनासुद्धा, तुम्ही परके आहात असं लेखी सांगितलं गेलं. ज्याला उद्या घरी राहू देतील की नाही ठाऊक नाही, त्याने कुणाकडे बंगालीची शिकवणी लावायची?

खडकीवाला

हे मात्र पटलं नाही. माझे काका त्या युद्धात अरुणाचलमधल्या बोमदिलाच्या बाजूला लढले. परत आले तेव्हा डाव्या पायाची तीन बोटं हिमदंशाने गेलेली. शेवटपर्यंत त्या पायात चप्पल टिकायची नाही. युद्ध चालू असताना सरकारने कुणावर विश्वास ठेवायचा? थोडे निरपराध भरडले गेले असतील, वाईट आहे, पण जे लढले त्यांची आठवण कुणी धागा काढून करत नाही.

पद्मजा के.

काकांना माझा नमस्कार, मनापासून. पण 'थोडे' नव्हेत. सुमारे तीन हजार माणसं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवली (वर्ध्याची देवळी नव्हे). आसामातल्या माकुमहून, दार्जिलिंग-शिलाँगहून, रेल्वेत भरून. त्यांत आज्या होत्या, तान्ही मुलं होती. खटला नाही, आरोपपत्र नाही. बऱ्याच जणांना मद्रासहून जहाजाने चीनला पाठवलं, त्यांतल्या कितीकांनी चीन आयुष्यात पाहिला नव्हता. काही जण 1967 पर्यंत आत होते. युद्ध महिनाभराचं. सुटून आले तर कुणाचं दुकान लिलावात गेलेलं. अमेरिकेने जपानी वंशाच्या स्वतःच्या नागरिकांना असंच डांबलं होतं, त्यांनी 1988 मध्ये माफी मागून भरपाई दिली. आपण एक शब्द काढलेला नाही.

खडकीवाला

अमेरिकेचे दाखले नकोत. तान्ह्या मुलांचं मात्र समर्थन मी करणार नाही, तेवढं नोंदवून ठेवा.

मेधा_टोरोंटो

आमच्याकडे स्कारबरो, मार्कममध्ये 'हक्का' पाटीची हॉटेलं भरपूर आहेत. चिली चिकन, मंचुरियन, सगळं आपल्या चवीचं. एका ठिकाणी गल्ल्यावरच्या बाईंनी मला हिंदीत विचारलं, 'तीखा चलेगा ना?' त्या टांग्राच्या. इथल्या चीनहून आलेल्या लोकांना हे चिनी वाटत नाहीत, आणि भारतीय मेळाव्यात त्यांना कुणी बोलवत नाही, असं त्या म्हणाल्या. देवळीला राहिलेल्या लोकांनी इथे संघटना काढली आहे, भारताने माफी मागावी एवढीच त्यांची मागणी.

शिशिर_पुणे

मंचुरियन चीनचं नव्हेच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लबमध्ये केलेला पदार्थ आहे तो. गाडीवरच्या कोबीच्या गोळ्याला चायनीज म्हणणं आता थांबवा.

बाणकोट

गाडीवरचं चायनीज माझ्या पोरांनी दहावीपर्यंत खाल्लंय, त्याला नावं ठेवू नका. माझा प्रश्न तसाच आहे. कोलकात्यात वीस हजारांवरून दोनेक हजार उरले म्हणतात. सरकारने छळलं हे मान्य. पण स्थानिकांत मिसळले असते, त्यांची भाषा घरात आणली असती, तर शेजारी धावून आले नसते का?

माझगावकर

एवढा वेळ वाचत होतो. मी त्र्याहत्तर वर्षांचा. आमच्या माझगावात चिनी मंदिर आहे, 1919 चं, सी यूप कून. बाहेरून साधं घर वाटतं, देव वरच्या मजल्यावर. त्या बाजूचा एक मुलगा चौथीत माझ्या बाकावर होता. मराठी शाळा आमची. शुद्धलेखनात तो पहिला, मी तिसरा. ऱ्हस्व-दीर्घ मी त्याच्या वहीतून सुधारून घ्यायचो. बाईंनी 'ळ' म्हणायला सांगितलं की हिंदी बोलणारी मुलं अडायची, हा नाही.

1962 ची दिवाळी युद्धातच आली. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा पोरं त्याला 'चाऊ एन लाय' (चीनचे तेव्हाचे पंतप्रधान) म्हणून ओरडायला लागली. मीही ओरडलो. तो बाईंना म्हणाला, 'बाई, मी इथलाच आहे,' स्वच्छ मराठीत. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं. महिन्याभरात तो यायचा बंद झाला. बाणकोट, भाषा त्याच्या घरात होती. धावून कुणी गेलं नाही. त्याच चाळीत आम्ही होतो.

खडकीवाला

काका, पुढे भेटला का तो?

माझगावकर

नाही. खोलीला बरेच महिने कुलूप होतं. मग दुसरं बिऱ्हाड आलं.

बाणकोट

माझगावकर, तुमच्यापुढे वाद घालत नाही. 'भाषा आली असती तर वाचले असते' हे माझं वाक्य चुकलं. आपल्या गावात हे झालं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, शाळेच्या पुस्तकातही वाचल्याचं आठवत नाही. पद्मजाताई, मूळ लेखाखालचं माझं 'अगदी बरोबर' काढतो.

राहण्याच्या जागेची भाषा यावी हे मात्र मी सोडणार नाही. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे, पाण्याच्या टाकीवर. मराठीत बोलणार आहे.

शिशिर_पुणे

बोला. आणि कुणाला कळलं नाही तर पुन्हा सांगा, मराठीतच, सावकाश.